मागच्या अंगणातले पक्षी

खाद्याच्या भांड्यापाशी उभा असलेला सगळ्यांत थोराड पक्षी एकाएकी हातभर उंच उडाला आणि उताणा पडला. पंख जोरात फडफडले, पाय आभाळाकडं ताणले गेले आणि मग काहीच नाही. बाकीचे खात राहिले. एक तर त्याच्या पोटावर पाय देऊन पलीकडं गेला, पलीकडं दाणे जास्त होते म्हणून. कोंडीबा मागच्या पडवीत बाजेवर बसून हे बघत होता. चहाची बशी त्याच्या डाव्या हातात तोंडाजवळ आली होती, तिथंच राहिली. त्यानं त्या पक्ष्याला सकाळपासून पाहिलं होतं. मान टाकलेली नव्हती, नाक वाहत नव्हतं, पिसं फुलवून तो कोपऱ्यात बसला नव्हता. तुरा लालभडक होता. जनावर मरायच्या आधी काहीतरी सांगतं. डोळ्यांतून, चालण्यातून, खाणं सोडून. इतकी वर्षं कोंडीबाला हे ठाऊक होतं. ह्यानं काहीच सांगितलं नव्हतं. घास चोचीत असताना तो गेला. आत त्याची सून रेश्मा भाकरी थापत होती, परातीवर थाप पडल्याचा आवाज येत होता. कोंडीबानं तिला हाक मारायची ठरवली. 'रेश्मा' हा शब्द त्याच्या डोक्यात स्वच्छ उभा होता, कापडावर विणलेल्या नावासारखा. त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "व्हय."

दोन वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात, चालू मागापाशी वाकलेला असताना, त्याची उजवी बाजू गेली. बाजूबरोबर बोलणंही गेलं. माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून त्यानं उभं आयुष्य मागांच्या गदारोळात काढलं होतं. ह्या टोकाहून त्या टोकाला हाक पोचवायची तर छातीतून आवाज काढावा लागे, आणि तसा आवाज त्या शेडमध्ये त्याच्याइतका कुणाचाच नव्हता. दवाखान्यातून घरी आल्यावर कितीतरी दिवस तोंडातून नुसती हवा येत होती. मग एका दुपारी, सून तोंड पुसत असताना, एक शब्द परत आला. घरात केवढा आनंद झाला. आदिनाथनं, त्याच्या मुलानं, कामावरून येताना पेढे आणले. पण त्या शब्दाच्या मागून दुसरा कुठलाच आला नाही. तहान लागली तरी व्हय, पाठ दुखली तरी व्हय, नको म्हणायचं असलं तरी व्हय. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं, एकच शब्द उरतो. कोंडीबाला वाटे, उरायचाच होता तर हाच का उरला. भेटायला येणारे म्हणत, कोंडीबा किती समाधानी झाला बघा, कशालाच नाही म्हणत नाही. तो आतल्या आत जळायचा, आणि पाहुणे उठताना "येतो मग," म्हणाले की पुन्हा तेच म्हणायचा.

कोंबड्या घरी आल्या त्याही ह्याच शब्दापायी. रेश्मा लग्नानंतर टॉवेलच्या कडा शिवायला जायची, त्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात. संध्याकाळी बायकांच्या घोळक्यातून हसत यायची आणि तिच्या केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असायचे. सासरा पडला तशी ती घरी बसली. कुणी तिला बस म्हणालं नव्हतं. तिनं शेवटचा दिवस भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंथरूण बदलायला उभी राहिली, एवढंच. दीडेक वर्ष ती घरातून फक्त दुकानापर्यंत गेली. हसणं बंद झालं नव्हतं, पण ते लहान झालं होतं. मग फाल्गुनात एकदा ती बाजेशी येऊन उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "मामा, मागं जागा मोकळी हाय. तन्वीरभाई पिल्लं देतो म्हनत्यात. बॉयलर. पाळू का?" कोपऱ्यावरचा चिकनवाला तन्वीर. कोंडीबाच्या डोळ्यांपुढं अक्कलकोट रोडवरून जाणारे टेम्पो आले. जाळीच्या खोक्यांत कोंबलेले पांढरे पक्षी, वाऱ्यानं उलटी झालेली पिसं, उघड्या चोची. त्याला नाही म्हणायचं होतं. मान हलवायची तर ती एकाच बाजूला जाई, होकारासारखी. तो म्हणाला, "व्हय." आणि सुनेचा चेहरा असा उजळला की पुढं खुणा करून ते खोडून काढायचं त्याच्यानं झालं नाही.

गावाकडं, उजनीच्या पाण्याकाठी, त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, हयातभर कोंबड्या पाळल्या. पाळल्या म्हणजे काय, सोडल्या. सकाळी उठून त्या कुठंही जात, उकिरडा उकरत, केळीच्या बागेत शिरत, दुपारी कुंपणाच्या सावलीत धुळीत लोळत, आणि अंधार पडायच्या आत आपापल्या फांदीवर चढत. एखादी मुंगसानं नेली तर सारजा दिवसभर मुंगसाला शिव्या द्यायची. त्यांना कुणी कधी औषध दिलेलं त्याला आठवत नव्हतं. सारजा गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती असती तर ह्या पिल्लांकडं बघून म्हणाली असती, आई कुठंय यांची? तन्वीरनं आणलेलं खोकं उघडलं तेव्हा कोंडीबाच्या मनातही पहिल्यांदा तेच आलं. मुठीएवढे पिवळे गोळे, सगळे एकाच सुरात ओरडत होते. मागांनी त्याचे कान अर्धे नेले होते, कायमची एक घरघर कानांत मागं ठेवली होती; त्या घरघरीतूनही तो बारीक आवाज आरपार आला. रेश्मानं तूस पसरलं, वर कागद अंथरला, पत्र्याचं रिंगण करून त्यात बल्ब सोडला. बल्ब हीच त्यांची आई. चौथ्या की पाचव्या रात्री लाईट गेली आणि घरातल्या कुणालाच जाग आली नाही. सकाळी पिल्लं एका कोपऱ्यात ढीग होऊन बसली होती. वरची जिवंत होती. ऊब मिळावी म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याखाली शिरायचा प्रयत्न केला होता आणि ज्यांना सगळ्यांत जास्त ऊब मिळाली ती खाली चपटी होऊन पडली होती. रेश्मा ती एकेक उचलून टोपलीत ठेवत होती, हळू, जणू अजून दुखेल. "मला जाग यायला पायजे हुती," ती म्हणाली, कुणाला नाही, तशीच. कोंडीबा बघत होता. त्याच्या आत कुठंतरी, फार खोल नाही, एक आवाज म्हणाला, मी नाहीच म्हणत होतो. त्या आवाजात थोडं समाधान होतं, आणि ते समाधान त्याला तोंडातल्या कडू गोळीसारखं दिवसभर पुरलं.

तेव्हापासून तो बघायला लागला. दुसरं काय करणार. बाज पडवीत होती, पडवीसमोर जाळी होती, जाळीमागं ते होते. तन्वीर त्यांना पक्षी म्हणायचा. ह्या धंद्यात सगळे तसंच म्हणतात, पक्षी किती, पक्षी कसा आहे. कोंडीबाला आधी हसू आलं, हे कसले पक्षी, ह्यांना कुंपणावर चढता येत नाही. मग त्याच्याही मनात तोच शब्द बसला. ते वाढत होते, आणि ते वाढणं बघणं चांगलं नव्हतं. सकाळी पाहिलेला पक्षी संध्याकाळी वेगळा दिसे. पिवळी लव जाऊन पांढरी पिसं यायची तर तीही अंगाला पुरी पडत नव्हती, पिसांच्या मधून गुलाबी कातडी दिसायची. एकाचे पाय अंगाखाली टिकेनात. तो फाकलेल्या पायांवर बसून पंखांनी स्वतःला ओढत पाण्याकडं जायचा. कोंडीबानं त्याच्याकडं बघायचं टाळलं, आणि टाळता आलं नाही. दुसऱ्या एकाचं पोट पाण्यानं तट्ट फुगलं, तुरा जांभळा पडला, आणि तो दोन दिवस एका जागी श्वास मोजल्यासारखा बसून राहिला. रेश्मानं त्याला वेगळं ठेवलं, पाण्यात औषध दिलं, तूस रोज खालवर केलं, सगळ्यांच्या डोळ्यांत लसीचे थेंब घातले. ती चुकत नव्हती. तरी टोपली अधूनमधून भरत होती.

आणि आता हा, सगळ्यांत थोराड. रेश्मा भाकरी टाकून बाहेर आली तेव्हा कोंडीबा डाव्या हातानं जाळीकडं दाखवत होता आणि बशीतला चहा त्याच्या धोतरावर सांडला होता. तिनं आधी धोतराकडं पाहिलं, भाजलं का ते बघितलं, मग बोटाच्या दिशेनं बघितलं. दुकान उघडायच्या आधी तन्वीर येऊन गेला. त्यानं मेलेला पक्षी उलटापालटा करून पाहिला. "बीमारी न्हाय ही, भाभी. ह्याचं दिल बसलं. अंग भराभरा वाढतं, दिल मागं ऱ्हातं. जो लई चांगला दिसतो तोच जातो." रेश्मा म्हणाली, "मंग चांगला कोनता म्हनायचा?" तन्वीरनं पक्षी खाली ठेवला. जाताना बाजेशी थांबून तो म्हणाला, "चाचा, ऊन वाढायलंय. दुपारचं खाद्य काढून घ्यायला सांगा भाभीला. पोट भरल्यालं असलं की उन्हात टिकत न्हाईत." जणू चाचा सांगू शकत होते. पण कोंडीबाला ते बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत कुणी त्याला निरोप दिला नव्हता.

ऊन वाढलं. सोलापूरचं ऊन वरून येत नाही, चहूकडून येतं. भिंतीतून, फरशीतून, हौदाच्या लोखंडी झाकणातून येतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. रेश्मानं जाळीच्या पश्चिमेला गोणपाटं लावली होती, ती तासातासाला भिजवायची. जाळीवरच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं होतं, आत घरातला एक पंखा आणून बांधला होता. स्वतः ती पंख्याशिवाय झोपत होती. त्या दिवशी कोंडीबाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या जवळच्या दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून ती शहरात गेली. निघताना गोणपाटं चिंब करून गेली. पाण्याची बाटली त्याच्या डाव्या हाताशी ठेवली. "मी आलेच, मामा." तो म्हणाला, "व्हय," आणि ह्या खेपेला त्याला तेच म्हणायचं होतं.

पंखा बंद झाला ते त्याला आधी कळलंच नाही. काहीतरी कमी झालं एवढंच जाणवलं. कारखान्यात हजार आवाजांतून एक माग थांबला की त्याची मान आपोआप वळायची, तशी ती वळली. पंख्याची पाती हळूहळू फिरत होती, मग स्पष्ट दिसायला लागली, मग थांबली. लाईट गेली होती. येईल, तो मनाशी म्हणाला. गोणपाटं कडेनं वाळून पांढुरकी व्हायला लागली होती. पक्षी पंख अंगापासून दूर धरून उभे होते, चोची उघड्या, गळ्याखालची कातडी थरथरत होती. हळूहळू त्यांच्या धापांचा एक आवाज झाला. कोंडीबाला तो आवाज ऐकू येत होता की कानांतल्या घरघरीतच मिसळला होता हे सांगता आलं नसतं. एक पक्षी खाली बसला. मग दुसरा. पहिल्यानं मान लांब केली आणि तुसावर ठेवली. कोंडीबानं हाक मारली. शेजारी कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा कुणाला तरी हो म्हणतोय. त्यानं परत मारली. मग त्यानं बाटली बाजूला ठेवली, डाव्या हातानं खांब धरला आणि उठला.

पडवी ते जाळी हे अंतर त्यानं रोज नजरेनं पार केलं होतं. पायांनी ते फार लांब निघालं. डावा पाय पुढं, मग कमरेला हिसका देऊन उजवा ओढायचा. फरशी तापलेली होती हे त्याला डाव्या पायानं सांगितलं, उजव्यानं काही सांगितलं नाही. जाळीशेजारच्या पाण्याच्या पिंपापाशी पोचल्यावर त्यानं तांब्या भरला आणि गोणपाटावर रिकामा केला. निम्मं पाणी त्याच्याच अंगावर आलं. ते गार होतं आणि त्याच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. परत भरला, परत रिकामा केला. गोणपाट काळं पडत गेलं आणि ओल्या सुतळीचा वास आला. मग त्याला वाटलं, दार उघडावं. समोर लिंबाची सावली होती, वाऱ्याची एक झुळूक तिथं येत होती. सारजाच्या कोंबड्या असत्या तर दाराची फट दिसताच उधळल्या असत्या. त्यानं कडी काढली, दार पूर्ण लोटलं आणि बाजूला झाला. एकही बाहेर आला नाही. चार पावलांवर सावली होती, त्यांनी ती बघितलीसुद्धा असेल. पण त्यांचं अंग त्यांच्याच पायांना उचलत नव्हतं. ते होते तिथं धापा टाकत राहिले आणि त्याच्याकडं एका डोळ्यानं बघत राहिले. कोंडीबा दाराला धरून उभा होता. खूप दिवस त्याच्या छातीत गोठून राहिलेलं काहीतरी तेव्हा हललं. रडू नव्हतं ते. ही आपलीच ओळख होती, आणि ती त्याला नको असताना आली होती. तो खाली वाकला, तोल गेला, आणि तुसावर त्यांच्यामध्ये बसला. आता उठता येणार नव्हतं. तांब्या हातात होता, थोडं पाणी त्यात उरलं होतं. जो जवळ होता त्याच्या चोचीशी त्यानं तांब्या धरला. तो प्यायला. त्याच्या शेजारचा प्यायला नाही. त्याची मान कोंडीबाच्या मांडीवर आली आणि तिथंच जड झाली.

रेश्मा आली तेव्हा जाळीचं दार उघडं होतं, बाज रिकामी होती. ती धावत जाळीपाशी आली आणि थबकली. सासरा तुसात बसलेला, भिजलेला, मांडीवर मेलेला पक्षी, भोवती काही आडवे, काही अजून धापा टाकणारे. कोंडीबानं तिच्याकडं पाहिलं. आता ती आपल्याकडं येईल, बगलेत हात घालील, अरे देवा म्हणेल, असं त्याला वाटलं आणि त्या हातांचा त्याला आधीच कंटाळा आला. पण रेश्मानं गोळ्यांची पिशवी खाली टाकली, चपला काढल्या आणि त्याला ओलांडून ती पक्ष्यांकडं गेली. जे जिवंत होते ते एकेका काखेत धरून न्हाणीतल्या ओल्या फरशीवर नेऊन ठेवायला लागली. येताना बादली भरून आणली आणि त्याच्यापुढं ठेवली. "मामा, ही धरा. मी आनून ठेवते, तुमी एकेकाला पाजा. लई न्हाय, घोट घोट." तिचा आवाज कामावरचा होता. कारखान्यातल्या बायका एकमेकींशी बोलत तसा. कोंडीबानं डाव्या हातानं बादलीची कड धरली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या अंगावरून पुढं गेलं होतं, धडधाकट माणसाच्या अंगावरून जातात तसं.

निम्म्याहून जास्त गेले. संध्याकाळी आदिनाथनं कोपऱ्यात खोल खड्डा खणला, चुना टाकला, माती लोटली. मग तो हात धुऊन बापासमोर बसला. रेश्मा कोंडीबाच्या उजव्या पायाला मलम लावत होती. तळव्याला मोठे फोड आले होते आणि कोंडीबा ते दुसऱ्या कुणाच्या तरी पायाचे असावेत तसे कुतूहलानं बघत होता. आदिनाथ म्हणाला, "आबाला काय झालं असतं मंजे? उन्हात, एकटं?"

"झालं न्हाय की," रेश्मा म्हणाली.

"बास झालं आता हे. राहिलेलं तन्वीरला देऊन टाक आन् जाळी मोड. पिल्लं मरत्यात, तू मरमर मरतीस, आता आबा." तो बापाकडं वळला, आवाज मऊ केला. "आबा, बंद करायचं न्हवं हे?"

कोंडीबाला दिसत होतं काय होणार ते. ओठ दाबून धरले तरी ते आलं. "व्हय."

"बग," आदिनाथ म्हणाला.

रेश्मानं मलमाचं बोट पदराला पुसलं. "त्यांच्या व्हयचं काय धरून बसलाय? पिल्लं आनू का इचारलं तवा बी व्हयच म्हनले हुते. तवा मला कळलं न्हाय. मला पायजे हुतं तेच ऐकलं मी." तिनं मलमाची डबी बंद केली. "तोंडाकडं बगा की त्यांच्या." आदिनाथनं बघितलं. खरंच बघितलं, बराच वेळ, आणि मुलाची नजर अशी थेट आपल्या डोळ्यांत असण्याची कोंडीबाला सवय राहिली नव्हती. तरी त्यानं ती सोडली नाही. आदिनाथ उठला. "पाऊस लागल्याबगर नवी पिल्लं आनायची न्हाईत पर," तो म्हणाला आणि गाडी आत घ्यायला गेला.

उरलेले पक्षी तन्वीर आठवड्यानं नेणार होता. कशासाठी नेणार होता हे कोंडीबाला ठाऊक होतं. त्याबद्दल तो एका दुपारी बराच विचार करत राहिला. उन्हापासून वाचवायचं ते ह्याच्यासाठी, आणि तरी वाचवायचंच, ह्यात कुठंतरी गाठ होती, ती त्याला सुटली नाही आणि त्यानं ती ओढूनही बघितली नाही. सारजा कोंबडी कापायच्या आधी तिला पाणी पाजायची. ती का पाजते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. सकाळी आता रेश्मा त्याला बाजेवरून उठवून जाळीपाशी खुर्चीत बसवायची आणि तांब्या हातात द्यायची. पाण्याचं भांडं तो भरी. बरंचसं पाणी तुसावर सांडे. ओल्या तुसानं रोग येतो हे तिला माहीत होतं, त्यालाही. ती ओलं तूस बाहेर काढी आणि कोरडं टाकी.

तन्वीर यायच्या आदल्या सकाळी ती दारात खराटा घेऊन उभी होती. "आज कुनाचं बरं न्हाय, मामा?" तिनं विचारलं. कोंडीबा एकेकावरून नजर फिरवत राहिला, घाई न करता. सगळे खात होते. सगळ्यांचे तुरे लाल होते. मग त्याची नजर एका पक्ष्यावर थांबली, पुढं गेली आणि परत आली. काय दिसलं ते त्याला सांगता आलं नसतं, बोलणं असतं तरीही. कदाचित एक पाऊल उशिरा पडलं असेल. कदाचित काहीच नसेल. त्यानं डावं बोट उचललं.

रेश्मानं बोटाच्या रेषेत पाहिलं. पक्षी भांड्यात चोच घालून खात होता. ती खाली वाकली, डोकं तिरपं करून तिनं त्याचे डोळे बघितले, पाय बघितले, पोटाखाली हात घालून बघितलं. तिला काही दिसलं नाही. तिनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं. मग खराटा भिंतीला टेकवला, पक्ष्याला दोन्ही हातांनी उचललं, आणि लिंबाखाली, गार जागेत, वेगळा ठेवला.